मूठभर मीठ आणि आल्याचे फुगे

मी बर्फाची पेटी आहे, जुनी, निळी. आणि मित्रांनो, आधीच सांगते, मला मासळीचा वास येतो. पुढे प्रयोगशाळेत मला साबणाने धुतलं, कसल्याशा औषधी पाण्याने धुतलं, तरी तो गेला नाही. मला त्याचं काही वाटत नाही. खरं तर कशाचंच फारसं वाटत नाही. माझ्या दोन भिंतींच्या मध्ये नुसता फेस भरलेला आहे. बाहेरचं ऊन आत येऊ द्यायचं नाही, आतला गारवा बाहेर जाऊ द्यायचा नाही. एवढ्यासाठीच मला घडवलं.

माझी उमेदीची वर्षं फिजीत, लामीच्या धक्क्यावर, अपिसायमामाच्या होडीत गेली. सुरमई सापडली की ती माझ्या पोटात आडवी, तिच्यावर बर्फ आणि बर्फावर मूठभर जाडं मीठ. मिठाने बर्फ आणखी गार होतो, मासा दगडासारखा राहतो. बाजारात बायका माशावर बोट दाबून विचारत, "अपिसाय, मासा विकतोयस की पाटा?" मामा हसून मला थोपटायचा. ती शाबासकी होती म्हणे.

मग एक दिवस त्याची भाची उनाइसी आली आणि मला उचलून चालू लागली. विचारलं नाही. आमच्याकडे बहिणीच्या लेकराने मामाच्या घरातलं हवं ते न्यावं आणि मामाने हूं की चूं करू नये, असा रिवाज आहे.

"ने, ने," मामा पायरीवरून म्हणाला. "मागे डुक्कर नेलंस, आता पेटी. होडी न्यायच्या दिवशी तेवढं आधी सांग, म्हणजे मी उतरून घेईन."

"ओरडू नकोस रे मामा. औषध न्यायचंय हिच्यातून."

उनाइसी जवळच्या सुवा शहरात एका प्रयोगशाळेत कामाला होती. आईच्या मळ्यातलं कोवळं आलं ती वाटायची, रस गाळायची, यंत्रात गरगर फिरवायची. शेवटी जे हाती लागे त्यात डोळ्यांना न दिसणारे फुगे असत. आलं ते स्वतःच घडवतं. तिथली माणसं त्यांना नॅनोकण म्हणतात. मामा फुगे म्हणायचा, मीही तेच म्हणते. चरबीचं पातळ कवच, आत थोडी जागा. त्या जागेत ती आतड्याच्या जखमांवरचं औषध भरायची. नुसतं औषध गिळलं तर ते वाटेतच अंगभर पांगतं. फुग्यात बसून गेलं तर जखमेपाशी जाऊन उतरेल, अशी तिची आशा. म्हणजे तेही माझ्यासारखेच. स्वतःचं काही नाही, दुसऱ्याचं सांभाळून न्यायचं.

दूर लौतोका शहरातल्या दुसऱ्या प्रयोगशाळेत हे औषध देऊन पाहायला आजारी उंदीर तयार होते. फुगे तिथवर शाबूत पोहोचले नाहीत, तर उनाइसीच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखबाई हे काम बंद करणार होत्या. आल्याचा मोसम सरला होता. तेवढी एकच खेप हातात होती.

बर्फ मामाकडचाच. "गार राहिलं पाहिजे हं, अगदी गार," एवढं सांगून नळ्या माझ्यात ठेवून उनाइसी बसची चौकशी करायला गेली. मामाने बर्फ भरला. भाचीची वस्तू, म्हणून एक सोडून दोन मुठी मीठ घातलं. मला ते ओळखीचं वाटलं. मी गप्प राहिले. पेटीला दुसरं काय येतं?

लौतोकाला झाकण उघडलं तेव्हा नळ्या पांढऱ्या, टणक झाल्या होत्या. उनाइसीने बर्फाला लावलेलं बोट जिभेवर टेकवलं. मीठ लागलं. फुग्यांना गारवा चालतो, गोठणं चालत नाही, कवच तडकतं. औषध सगळं बाहेर सांडलं होतं.

"बाई, बर्फ फार गार झाला," ती फोनवर म्हणाली.

"बर्फ गारच असतो, उनाइसी," बाई म्हणाल्या. पुष्कळ बोलणी खाल्ल्यावर पुढच्या मोसमातली एक खेप मिळाली. शेवटची.

रविवारी चर्चनंतर मामाकडे जेवण होतं. नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं वाढत मामाने विचारलं, "पोहोचलं ना गार?"

"फार गार, मामा." ती जेवत राहिली. मग ताटाकडे बघतच म्हणाली, "ते मासे नव्हते रे. गोठले की फुटतात ते."

मामाने पळी खाली ठेवली. "सांगितलं नाहीस."

"तू विचारलं नाहीस."

"आपल्यात कोण विचारतं?"

मी दाराशी होते. आत थोडं पाणी उरलं होतं, खारट.

पुढच्या मोसमात मामाने बर्फ भरण्याआधी विचारलं, "किती गार?" उनाइसीने समजावलं. मिठाची पिशवी त्याने घरीच ठेवली आणि मला मांडीवर घेऊन तो लौतोकापर्यंत बसमध्ये बसला. शेजारचा प्रवासी वासाने नाक मुरडत होता. "औषध आहे," मामा त्याला सांगत होता. कवचं शाबूत निघाली. उंदरांचं काय झालं ते मला ठाऊक नाही. रिकाम्या पेटीला कोणी सांगत नाही. पण काम चालू राहिलं असणार, कारण माझ्या जागी आकडे दाखवणारी नवी पेटी आली. मी प्रयोगशाळेच्या मागच्या अंगणात गेले, उघडी. पाऊस साचला. डासांनी पिल्लं केली. ऊन लागलं, पण ते माझ्या भिंतींच्या आत पोहोचलं नाही.

आल्याची पोती टाकायला आलेल्या मामाने मला पाहिलं. भाचीने नेलेली वस्तू परत मागत नाहीत. त्याने पाणी ओतून टाकलं आणि मला उपडं केलं. मग खिडकीशी जाऊन म्हणाला, "उनाइसी, ही मी नेऊ का?"

ती बाहेर आली. "मामा, तू विचारतोयस?"

"तूच शिकवलंस ना."

तिने माझी एक कडी धरली, दुसरी त्याने.

आता मी पुन्हा होडीत आहे. सुरमई, बर्फ, मीठ. मला बरं वाटत असावं. माझ्यासारखीला खात्रीने सांगता येत नाही. मित्रांनो, कोणाचं काही सांभाळायला घ्याल तर आपल्या मायेने दोन मुठी जास्त घालण्याआधी त्याला काय सोसतं ते विचारा. आणि आमचं काम संपलं की फेकलंत तरी चालेल, पण निदान उपडी ठेवा. पाणी साचतं.