शंभर रात्रींचं प्रवाळ

काठीला बांधलेला नारळाचा झाप. चटईत गुंडाळलेला फोन. यादीतली अकरावी बोट. डब्यातली मासळी.

मित्रांनो, मी एक जुना स्मार्ट करार आहे. मला कागद नाही. हजारो संगणकांवर एकाच वेळी ठेवलेला मी मजकूर आहे. राजधानी सुव्हात शिकलेल्या उनाइसीने मला कादावू बेटावरच्या तिच्या गावासाठी लिहिलं. माझे अवयव मोजकेच. एक खूण : गावाचं प्रवाळ मासेमारीला उघडं की बंद. एक यादी : बाहेरच्या कोणत्या बोटींना मुभा. एक अट : खूण 'उघडं' असेल आणि बोट यादीत असेल, तरच परवाना. दिलेल्या प्रत्येक परवान्याची दवंडी. आणि एक किल्ली. खूण आणि यादी तिच्यावाचून बदलत नसे. ती फक्त गावप्रमुख रातू इनोके यांच्या फोनमध्ये होती.

सहा वर्षं मी चोख राबलो. चोरटी मासेमारी थांबली.

"जावयापेक्षा हा बरा," याकोना या पेयाची वाटी रिकामी करत रातू म्हणायचे. "एकदा सांगितलं की ऐकतो."

मग रातू वारले. रीतीप्रमाणे प्रवाळ शंभर रात्री बंद. त्यानंतर तिथल्याच मासळीचं त्यांच्या नावाने जेवण. धाकटे भाऊ तेविता यांनी पाण्यात बंदीची काठी रोवली, तिला झाप बांधला. रातूंच्या आवडत्या वस्तू त्यांच्यासोबत चटईत गुंडाळून पुरल्या. फोनसुद्धा.

चौथ्या दिवशी यादीतली अकरावी बोट आली. मी खूण पाहिली, ती अजून 'उघडं'च होती; यादी पाहिली, परवाना दिला.

तेविता होडी घेऊन आडवे गेले. बोटीच्या तांडेलाने मोबाईल दाखवला. "काका, परवाना तुमच्याच गावाचा आहे. काठीचं आम्हाला काय सांगता?"

तेविता तडक उनाइसीकडे आले. "बंद कर गं तुझं ते."

"काका, किल्लीशिवाय ते कुणालाच बंद करता येत नाही. म्हणून तर सगळ्यांचा विश्वास होता."

"म्हणजे थोरल्याची कबर उकरू?"

तिने नकारार्थी मान हलवली.

"छान शिकलीस. राखण करायला आणलंस, ते फक्त मेलेल्या माणसाचं ऐकतं."

कबरीला कोणी हात लावला नाही. बोटी येत राहिल्या, मी परवाने देत राहिलो.

शंभर रात्री सरल्या. रातूंची बायको लोसाना जाळं आणि टोपली घेऊन कमरभर पाण्यात उभी राहिली. जाळ्यात चार पोपटमासे आले, तेही बोटभर. तिने ते परत सोडले. जेवणाला मासळीचे डबे फोडले.

मित्रांनो, मी आजही परवाने देतो. खंत वाटावी अशी ओळ माझ्यात नाही. कधी माझ्यासारखा कोणी घडवलात, तर राबण्याआधी त्याला थांबायला शिकवा.

पहिल्या मसुद्यात दुसऱ्या किल्लीची ओळ होती. गावाला प्रमुख एकच असतो, असं म्हणून रातूंनी ती खोडायला लावली.