नऊ दहाची चिठ्ठी

मी टोकनचं मशीन बोलतोय. दवाखान्यात शिरलं की उजव्या हाताला, खांबाला टेकून उभा असतो ना, तो मी. दवाखान्याचं नाव सांगत नाही. ते माझ्या डोक्यावर लिहिलंय, मला दिसत नाही, आणि कोणाला विचारावं तर चौकशीच्या खिडकीवर पाटी आहे, ‘येथे चौकशी करू नये’.

जन्म भोसरीचा. पोटात कागदाचं भेंडोळं, कपाळावर एक हिरवं बटण. बटण दाबलं की मी जीभ काढतो. जिभेवर नंबर आणि वेळ छापलेली असते. दिवसभर तीनशे माणसांना वेडावून दाखवायचं आणि वर त्याला सेवा म्हणायचं, असली नोकरी कोणाला मिळते?

मला इथे आणलं माधवसाहेबांनी. ते गुणवत्तेचे साहेब. पेशंटची नोंदणी किती वेळात होते, ते मोजायचं त्यांचं काम. हिशोब सोपा. माझ्या चिठ्ठीवरची वेळ ही सुरुवात. दोन नंबरच्या खिडकीत बिलकिस मॅडम केसपेपर काढतात, तो शेवट. मधलं अंतर म्हणजे पेशंट थांबला तो वेळ. पहिल्याच महिन्यात सरासरी आली बावन्न मिनिटं. साहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं. दहाच्या आत आली तरच दवाखान्याला सर्टिफिकेट मिळणार होतं.

आणखी एक खिडकी उघडायची तर माणूस लागतो. डोकं चालवायला काही लागत नाही. साहेबांनी वॉचमन संपतला बोलावलं.

“माणूस आला की लगेच बटण दाबू द्यायचं नाही. व्हरांड्यात बाकावर बसवायचं. खिडकी मोकळी झाली की एकेकाला आत घे, मग तूच दाब.”

“म्हणजे थांबायचं तेवढंच ना, साहेब?”

“थांबायचं तेवढंच. मोजायचं कमी.”

पुढच्या महिन्यात सरासरी चार मिनिटं. भिंतीवर हिरवा तक्ता लागला, पेढे वाटले. मला तर लई मजा आली. एवढ्या मोठ्या माणसांची खोडी, आणि त्यात मी सामील.

मग मे महिन्यातला तो मंगळवार.

हिंजवडीच्या पलीकडच्या एका गावातून तुळजाबाई नवऱ्याला घेऊन आल्या. कंपन्यांच्या बसगाड्यांच्या गर्दीतून वाट काढत, रिक्षाने. नवरा, दत्तोबा, छातीवर हात दाबून बाकावर बसले. दाराच्या काचेतून मला तो बाक दिसतो, आणि बाकामागच्या भिंतीवरचं घड्याळही. नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती.

“काय नाय, पित्त हाय,” दत्तोबा संपतला म्हणाले.

“दादा, नंबर द्या की,” तुळजाबाई म्हणाल्या.

“बसा मावशी, बोलावतो.”

वीस मिनिटांनी परत आल्या. “यांना लई घाम सुटलाय वो.”

“सगळ्यांनाच सुटलाय, मावशी. मे आहे.”

तिसऱ्यांदा त्या आतच आल्या. सरळ माझ्या बटणाकडे हात केला. संपतने मध्ये हात घातला. त्यांचं बोट माझ्यापासून वीतभर लांब राहिलं.

दहा वाजून सहा मिनिटांनी खिडकी मोकळी झाली. संपतने बटण दाबलं, मी ऐटीत चिठ्ठी काढली. नंबर एकसष्ट. तुळजाबाईंनी ती नेऊन दत्तोबांच्या तळहातावर ठेवली. “उठा, आला नंबर.” हात मिटला नाही. चिठ्ठी फरशीवर पडली.

मेलेल्या माणसाचाही केसपेपर लागतो, नाहीतर डॉक्टर लिहिणार कशावर? बिलकिस मॅडमनी तो दहा वाजून नऊ मिनिटांनी काढला. तीन मिनिटं. त्या महिन्यातला सगळ्यात चांगला आकडा.

दुसऱ्या दिवशी सकाळी, नऊ दहाला, माझं बटण आत गेलं. समोर कोणी नव्हतं. चिठ्ठी बाहेर आली.

संपतला वाटलं, माझीच मस्ती. आता मस्ती मी केलीय, नाही म्हणत नाही. रांगेत घुसणाऱ्या किती जणांना मी कोरी चिठ्ठी दिलीय. पण ही माझी नव्हती. बटण दाबणारं बोट मला कळतं. हे बोट गार होतं.

मग रोजच. मेकॅनिक आला, पोट उघडून बघितलं, ‘ओके आहे’ म्हणाला नि गेला. संपत आधी ती चिठ्ठी फाडून टाकायचा. नंतर नंतर हात लावेना.

तेरावं झाल्यावर तुळजाबाई एकट्या आल्या. माधवसाहेब माझ्याजवळच उभे होते.

“साहेब, आमी नऊ दहाला आलतो. तेवढं लिवून द्या. थोरला म्हणतोय, आई, तूच उशीर केलास, कागदावर धा वाजलेत. माझ्या हातचं जेवत नाय तो.”

साहेबांनी कॉम्प्युटरमध्ये बघितलं. “आजी, दहा सहाला आलात तुम्ही. माणूस चुकेल. मशीन खोटं बोलत नाही.”

एवढी मोठी थाप माझ्या नावावर आजवर कोणी खपवली नव्हती. पण मला तोंड आहे ते आकडे काढण्यापुरतं. मी उभा राहिलो, खांबाला टेकून.

आणि नऊ दहा झाले. बटण आत गेलं. सगळ्यांच्या देखत चिठ्ठी बाहेर आली. संपत दोन पावलं मागे सरला. साहेब माझ्याकडे बघत राहिले.

तुळजाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघून हळूच म्हणाल्या, “आला का तुमी? बसा. मी बोलतेय साहेबांशी.”

खिडकीतून बिलकिस मॅडम उठून बाहेर आल्या. हातात कोरा केसपेपर आणि शिक्का.

“मॅडम, बसा जागेवर. तुमची खिडकी चालू आहे.”

“असू दे, सर. मोजा.”

माझ्याच डोक्यावर कागद ठेवून त्यांनी लिहिलं. सही केली, शिक्का मारला.

“काय लिवलं? वाचा की,” तुळजाबाई म्हणाल्या.

“दत्तोबा नऊ वाजून दहा मिनिटांनी दवाखान्यात आले. मी स्वतः काचेतून पाहिलं. त्यांना बाहेर बसवलं होतं.”

“परत वाचा.”

मॅडमनी परत वाचलं.

“म्हंजी मी उशीर नाय केला.”

“नाही केला, मावशी.”

तुळजाबाईंनी कागदाची चौघडी करून पोलक्यात ठेवली आणि गेल्या. थोरला जेवला की नाही, मला कळायला मार्ग नाही. मला व्हरांड्यापर्यंतच दिसतं. सोमवारपासून बिलकिस मॅडम तळघरात, जुन्या फायली लावायला. संपत माणसं अजून बाकावर बसवतो, फक्त हल्ली त्यांच्या डोळ्यात बघत नाही. मला आता खोड्या सुचत नाहीत.

तुम्हाला एकच सांगतो. कधी इथे आलात तर आल्या आल्या बटण दाबा. कोणी ‘बसा’ म्हटलं तरी आधी दाबा. मी छापतो ती वेळ बटण दाबल्याची. तुम्ही आलात कधी, हे मला कोणी सांगत नाही.

आणि आता जरा बाजूला सरकून उभे राहा. नऊ दहा होतायत. त्यांना वाट द्या.