पापणी नसलेला पहारेकरी

मित्रांनो, जरा मान वर करा. हैदराबादच्या काचीगुड्यातल्या या चार मजली इमारतीच्या गेटवर, कबुतरांच्या घाणीखाली लटकतो आहे ना, तो मी. एक जुना कॅमेरा.

कोटी बाजाराच्या गल्लीतल्या दुकानातून मला आणले, तेव्हा माझी काच लखलखीत होती. इमारतीचे सेक्रेटरी हिम्मतराव खालून ओरडत होते, "हा देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे!" देशाचे शत्रू या गेटमधून का येतील, हे कुणी विचारले नाही. तिसऱ्या मजल्यावरची मेधा मात्र खरेच सुखावली. तिची मुलगी लहान, सारखी गेटाकडे पळणारी. मी टिपलेले चित्र सर्वांच्या मोबाइलवर दिसू लागले आणि माझे कौतुक सुरू झाले. कुणाकडे कोण आले, किती वेळ थांबले, हातात काय होते, हे चहासोबत चघळले जाऊ लागले. याला ते जागरूकता म्हणत.

खंडेनवमीला माझी पूजा झाली. हिम्मतरावांनी ओले कुंकू थेट माझ्या काचेवर लावले. मेधा म्हणाली, "काका, काच तरी पुसा."

"पूजेचं कुंकू पुसतात का, पोरी?"

झाले! त्या दिवसापासून गेटमधून येणाऱ्या प्रत्येकाच्या हातांवर मला लाल डाग दिसे. दूधवाल्याच्याही दिसे. पण त्याचा चेहरा ओळखीचा, म्हणून कुणाला काही वाटले नाही.

मग दुपारी एक बाई येऊ लागली. उन्हामुळे चेहरा ओढणीने गुंडाळलेला, खांद्याला पिशवी, हातांवर माझा लाल डाग. हिम्मतरावांनी चित्र इमारतीच्या मोबाइल ग्रुपवर टाकले: 'तोंड लपवलेली बाई. हातांवर रक्त. सावध!' शिकलीसवरलेली माणसे, पण काच पुसून बघावी असे एकालाही सुचले नाही. मेधानेही मुलीला घरात ओढून कडी लावली.

दुसऱ्या दिवशी गेटवर सगळे जमले. "पिशवी उघड!" हिम्मतराव गरजले.

"मी रंजना. नर्स आहे, साब. पेशंटचं सामान आहे, असं दाखवता येत नाही."

"काही केलं नसेल तर घाबरतेस कशाला?"

त्यांनी पिशवी ओढून फरशीवर उपडी केली. कापूस, पट्ट्या, मलम आणि छातीला लावायची एक मऊ गादी. रंजना गादी उचलायला वाकली आणि म्हणाली, "बस झालं, की अजून बघायचंय?"

जिन्यात दुसऱ्या मजल्यावरच्या पद्मावतीबाई उभ्या होत्या. रंजना त्यांच्याचकडे येई. ऑपरेशन करून त्यांचा एक स्तन काढला होता. माहेरच्यांनाही त्यांनी ते सांगितले नव्हते. आता मोबाइल असलेल्या प्रत्येकाला ते कळले.

त्या एकेक पायरी उतरून आल्या. "भाऊजी, काही केलं नसेल तर घाबरायचं नाही ना? मग तुमचा मोबाइल द्या. सगळे मिळून बघू."

हिम्मतरावांचा हात झटकन खिशावर गेला. "ते वेगळं, वहिनी."

"हौ, तुमचं ते वेगळंच!"

कुणी माफी मागितली नाही. उलट पुढच्या बैठकीत ठरले, की पद्मावतीबाईंच्या दारासमोर आणखी एक कॅमेरा लावायचा. त्यांच्याच सुरक्षेसाठी! सगळ्यांनी हात वर केले. फक्त मेधाने केला नाही. मुलीला मांडीवर घट्ट धरून ती खाली बघत राहिली.

रंजना पुन्हा आली नाही. आता पद्मावतीबाई पट्टी बदलायला स्वतःच रिक्षाने जातात. गेटापाशी आल्या, की पदर छातीवर ओढून घेतात आणि भरभर पाऊल उचलतात.

मित्रांनो, चोर पकडायला मी जरूर हवा. पण माझ्यातून कोण बघतो, कशासाठी बघतो आणि त्याला कोण जाब विचारतो, हे आधी ठरवा. ठरत नसेल, तर माझी वायर काढून ठेवा.

पद्मावतीबाई गेटातून जातात, तेव्हा मला नजर वळवावीशी वाटते. पण मला पापण्या नाहीत. तुम्हाला आहेत. त्या कधी मिटायच्या, तेवढे शिका.