मालक पांढुर्ण्याचे, मी नागपूरची

मित्रांनो, माझे मालक राहतात पांढुर्ण्याला आणि मी राहते नागपूरला. मी एक जुनी, काळी सायकल आहे. मधुकरराव पहाटेच्या गाडीने नागपूरला यायचे, स्टेशनजवळच्या स्टँडवरून मला घ्यायचे आणि छापखान्यात कामाला जायचे. संध्याकाळी मला परत उभी करून गाडी पकडायचे. पांढुर्ण्यात घरापासून स्टेशनपर्यंत येण्यासाठी माझी एक बहीण आहे. तिला मी अजून पाहिलेले नाही. रोज जा-ये करणारी बरीच मंडळी अशा दोन सायकली ठेवत.

तेव्हा स्टँडवर हँडलमध्ये हँडल अडकायचे. मग मोटारसायकली वाढल्या, नंतर कार. मधुकरराव निवृत्त झाले आणि मी धूळ खात उभी राहिले.

एक दिवस ते मुलीला घेऊन आले. अश्विनीला नागपूरच्या दवाखान्यात नोकरी लागली होती. "सीट खाली केली का जमते मले," ती म्हणाली. मला किती बरे वाटले!

पण स्टँडवरचे गजानन म्हणाले, "काकाजी, सायकली बंद. ठेकेदारानं साऱ्या जागा कारसाठी देल्या. उद्या भंगारवाला येऊन राहिला."

मधुकरराव "बरं" म्हणाले. कोणाला नाही म्हणणे त्यांना कधी जमलेच नाही. त्यांनी माझे कुलूप काढले.

"बाबा, कुठी नेऊन राहिले हिले? मी कायनं जाऊ मंग?"

"स्कूटी घेऊ न, बेटा."

"शहरात धूर काय कमी हाय? तुम्ही बोला न साहेबासंग."

गजानन हसले. "जा, काकाजी. साहेब चावत नाही."

मधुकरराव ठेकेदाराच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन दोनदा परत फिरले. तिसऱ्यांदा आत गेले. दार उघडेच होते.

"साहेब," ते घसा खाकरत म्हणाले, "कारमधून बहुतेक एकच माणूस येते. तेवढ्याच जागेत आठ सायकली राहतात."

"अन् आठ सायकलवाले आणता कुठून?"

"एक आणली."

ठेकेदाराने दारातून माझ्याकडे पाहिले. मग म्हणाला, "एका कारची जागा देतो. महिनाभरात भरली तर तुमची."

अश्विनी आता मला रोज चालवते. चढावर थोडी धापा टाकते, पण वेळेवर पोहोचते. तिला पाहून दवाखान्यातल्या प्रमिलाताईंनी आपली सायकल काढली, मग आणखी तिघांनी.

आज आम्ही पाच जणी आहोत आणि महिना संपत आला आहे. मित्रांनो, तुमच्या जिन्याखाली एखादी सायकल पडली असेल, तर तिच्यात हवा भरा आणि या. आमच्याजवळ तीन जागा आहेत.