झोळीच्या पट्ट्यावरचे दात

मी एक जुना वजनकाटा आहे. किराणा दुकानातला मापात पाप करणारा नव्हे बरं का! पोषण केंद्राच्या आढ्याला टांगलेला, गोल तबकडीचा, खाली कापडी झोळी असलेला. मित्रांनो, तुमच्याएवढी मुलं माझ्यात मावत नाहीत. माझ्यात बसायची ती तान्ही आणि रांगती लेकरं. निम्म्यांनी मला भिजवलं, उरलेल्यांनी किंचाळून कान किटवले. तरी मला ती सगळी आवडत.

मी आकडा सांगायचो आणि भिंतीवरचा तक्ता रंग सांगायचा. मूल लाल रंगात, म्हणजे वयाच्या मानाने फार हलकं असेल तर सरकारकडून पिठाची जादा पाकिटं मिळत. त्याची लापशी होई. मूल हिरव्यात आलं की केंद्रातल्या ताई टाळ्या वाजवत, मला प्रेमाने थोपटत आणि पाकिटं बंद करत.

एकदा एका बाईचा मुलगा हिरव्यात आला. पाकीट मिळेना, तेव्हा ती भडकली.

"अहो ताई, बरं वाटलं की औषध बंद करतात. जेवण बंद करतात होय?"

"नियम आहे गं. मोजून येतात पाकिटं, मी कुठून आणू?" ताई खाली बघत म्हणाल्या.

पुढे तो मुलगा पुन्हा लालात आला. रांगेतल्या, तिच्या शेजारी राहणाऱ्या एका बाईने ते सगळं पाहिलं होतं. ती भंगारवाल्याकडे बाटल्या धुवायची. तिच्या कडेवर भोपळी होती. जन्मली तेव्हा गुटगुटीत, म्हणून बापाने कौतुकाने ठेवलेलं नाव. नाव राहिलं, बाळसं गेलं. लोक म्हणतात, खायला काळ नि भुईला भार. या पोरीचा कसला भार? माझ्या स्प्रिंगलाही ती धड जाणवायची नाही.

बाकीच्या आया माझा काटा पुढे सरकावा म्हणून डोळे लावून बसत. भोपळीची आई मात्र तो मागेच राहावा म्हणून बघायची. वजनाच्या दिवशी ती पोरीला उपाशी आणायची, अंगातलं झबलंसुद्धा काढायची. भूक लागलेली भोपळी झोळीत बसली की माझा पट्टा तोंडात धरून चावायची. ताईंना वाटे, दात येताहेत.

तिच्या त्या शेजारणीने एकदा हटकलंच. "लेकराशी हा काय खेळ मांडलायस?"

"वजनापुरतंच गं. घरी गेल्यावर देते ना. एका पाकिटावर तीन पोरं जगतात माझी. ही हिरव्यात गेली तर तिघंही लालात जातील."

हे ऐकून मला माझ्या खरेपणाची लाज वाटली. मी आकडा अचूक सांगत होतो, पण तो का तसा आहे हे मला विचारत कोण होतं?

मग एका वजनाच्या दिवशी ती आली. पोरीला रात्रभर जुलाब झाले होते. आई शेजारणीला हळूच म्हणाली, "आज काटा आपणहूनच खाली येईल." तिने भोपळीला झोळीत ठेवलं. मी वाट पाहिली. भोपळीने पट्टा चावला नाही. तिची मान एका बाजूला कलली होती.

"अगं, दवाखान्यात पळ!" ताई ओरडल्या आणि स्वतःही अनवाणी धावल्या. माझी रिकामी झोळी बराच वेळ हलत राहिली.

पुढच्या वजनाला भोपळीची आई दोन मुलगे घेऊन आली. तिची नजर कुठेच ठरत नव्हती. तिने धाकट्याला उचलून माझ्यात बसवायचा प्रयत्न केला. त्याचे पाय जमिनीला टेकत होते.

"ताई, यांना घ्या ना काट्यावर. हीपण लालातच असतील."

"मोठी झाली गं ती. वयात नाही बसत." एवढं बोलून ताई रडायलाच लागल्या.

आता केंद्रात उजेडाचे आकडे दाखवणारं नवं यंत्र आलंय. मी अडगळीत, फुटक्या बादलीशेजारी पडून आहे. त्याचं मला दुःख नाही. मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी ताई होईल, कुणी नियम लिहिणारा साहेब होईल. मूल हिरव्यात आलं की टाळ्या जरूर वाजवा. पण त्याच हातांनी त्याच्या पुढची वाटी उचलून नेऊ नका. आणि कधी अडगळीत आलात, तर माझ्या झोळीचा पट्टा पाहा. भोपळीच्या इवल्या दातांच्या खुणा त्यावर अजून आहेत.