समजलं ना, बाळांनो?

मुख्याध्यापिका प्रेमलाबाईंच्या खोलीत त्या दुपारी दोनदा चहा झाला, तरी निर्णय काही होईना.

प्रश्न आजकाल प्रत्येक शाळेपुढे येतो तोच. जूनपासून आठवी ते दहावीच्या मुलांना घरच्या अभ्यासासाठी ऑनलाइन शिकवणीचं ॲप द्यायचं ठरलं होतं, पण कोणतं? जानेवारीत सोलापूरची गड्ड्याची जत्रा उरकल्यापासून दोन ॲप पालकांच्या फोनवर चालवून पाहिली होती. येत्या सोमवारी एकाचं नाव पक्कं करायचं होतं.

पहिलं ॲप मोठ्या कंपनीचं. रंगीत चित्रं, फिरणारे ग्रह, गोड आवाजात शिकवणाऱ्या बाई, आणि कुणी किती मिनिटं पाठ पाहिले याचा आकडा शाळेच्या संगणकावर रोज हजर. दुसरं अगदी साधं. त्यात आपल्याच शिक्षकांनी पाठ बोलून ठेवायचे, मुलानं अडलेलं स्वतःच्या आवाजात विचारायचं आणि शिक्षकानं त्याला उत्तर द्यायचं. बस्स, एवढंच.

"बाई, यात विचार करण्यासारखं काय आहे?" संस्थेचे सचिव शिवानंद म्हणाले. ते याच शाळेत प्रेमलाबाईंच्या हाताखाली शिकलेले. आता संस्थेचा कारभार पाहत होते, तरी बाई बसल्याशिवाय खुर्चीला टेकत नसत. "पहिल्या ॲपचे आकडे बघा की! पोरं नुसती तुटून पडलीत. हे घेतलं म्हणजे संध्याकाळचा शंका-तासही बंद करता येईल. शिक्षक आधीच अपुरे, त्यांची तेवढीच सुटका."

शंका-तास म्हणजे शाळा सुटल्यावरचा तास. व्हरांड्यात शिक्षक बसायचे आणि ज्याला जे अडलं असेल ते त्यानं येऊन विचारायचं. प्रेमलाबाईंनीच तो तरुणपणी हौसेनं सुरू केला होता.

विज्ञानाचे कुंडलिक सर इतका वेळ बशीतला चहा फुंकत होते. ते म्हणाले, "शिवानंदसाहेब, आमच्या घरी पंखा दिवसभर फिरत असतो. म्हणून खोलीत माणूस आहे असं समजायचं का?"

"सर, संगणक म्हटलं की तुम्हाला ताप येतो!"

"संगणकानं नाही येत, या आकड्यांनी येतो. मी एवढंच विचारतो, पोराला अडलं तर त्यानं विचारायचं कुणाला?"

"त्यात शंकेची खिडकी दिली आहे की."

"दिली आहे. मी तीत एक प्रश्न टाकून पाहिला. उत्तर आलं, 'शाब्बास! असेच प्रश्न विचारत राहा!'"

सगळे हसले. प्रेमलाबाईही हसल्या, पण त्यांनी मनातल्या मनात पहिल्या ॲपला केव्हाच कौल दिला होता. मे महिन्यात त्या निवृत्त होणार होत्या. जाताना शाळेला काहीतरी नवं, झगझगीत देऊन जावं असं त्यांना वाटत होतं. आणि खरं सांगायचं तर त्या थकल्या होत्या. शंका-तासाला मुलं येईनाशी झाली होती. कुणाला शिकवणी, कुणाला रिक्षा गाठायची घाई. कितीतरी संध्याकाळी बाई व्हरांड्यात एकट्याच बसून राहायच्या आणि शिपाई दारं लावू लागला की उठायच्या.

रिकाम्या व्हरांड्यातून उठून त्या जुळे सोलापुरातल्या रिकाम्या फ्लॅटवर जायच्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. जिन्यात दिवे लख्ख, दारं मात्र सगळी बंद. समोरच्यांकडे पाहुणे आलेत की नाही हे बाईंना दाराबाहेरच्या चपलांवरून कळायचं. एखादा रविवार असा जायचा, की दूधवाल्याशी झालेले दोन शब्द सोडले तर तोंड उघडलेलं नसायचं.

"चालेल," त्या म्हणाल्या. "पहिलंच घेऊ."

"मग सोमवारी नाव जाहीर करू," शिवानंद खूश झाले. "आणि सर्वांत जास्त मिनिटं अभ्यास केलेल्या मुलीचा सत्कारही करू. शाल, नारळ मी आणतो."

ती मुलगी होती नववीतली दानेश्वरी. बाईंनी स्वतः वर्गात जाऊन बातमी सांगितली. टाळ्या पडल्या. "गप्प बसून बसून बाजी मारलीस की गं!" मागून कुणीतरी ओरडलं. दानेश्वरी उभी राहिली, पण तिची नजर काही पायांवरून उठेना.

"बाई, दुसऱ्या कुणाचा करा ना सत्कार," ती पुटपुटली.

लाजते आहे, असं बाईंना वाटलं. तिच्या आईवडिलांना आपण स्वतः जाऊन सांगावं, असं त्यांच्या मनात आलं.

पूर्वी यात काही नवल नव्हतं. बाई नोकरीला लागल्या तेव्हा सोलापुरात गिरणीचा भोंगा वाजायचा, आणि शनिवारची सकाळची शाळा सुटली की शिक्षक मुलांच्या घरी जायचे. चाळीच्या तोंडाशी पोचलं की पोरं पुढे पळत सुटायची, "बाई आल्या! बाई आल्या!" मग कुणाकडे चहा, कुणाकडे शेंगाची चटणी. कुठलं पोर रस्त्यावरच्या दिव्याखाली वाचतं, कुणाचा बाप अंथरुणाला खिळला आहे, हे हजेरीपटात नसलेलं सारं बाईंना ठाऊक असायचं. पुढे पालकांचे व्हॉट्सॲप ग्रुप आले. निरोप क्षणात पोचू लागले आणि पायांची सवय मोडली. ती केव्हा मोडली हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

रविवारी दुपारी बाई शेळगीत, दानेश्वरीच्या गल्लीच्या तोंडाशी रिक्षातून उतरल्या. गल्लीत ऊन नुसतं पसरलं होतं, चिटपाखरू नव्हतं. पत्ता विचारत दाराशी पोचल्या, तोच आतून ओळखीचा गोड आवाज आला, "म्हणून त्रिकोणाच्या कोनांची बेरीज कधी बदलत नाही. समजलं ना, बाळांनो?"

बाईंचा ऊर भरून आला. रविवारीसुद्धा अभ्यास!

तेवढ्यात आतून एक थकलेला, चिरका आवाज म्हणाला, "समजलं गं बाई, समजलं."

बाई दारातच थबकल्या. आत खाटेवर एक म्हातारी बसली होती. डोळ्यांवर पांढरी साय धरलेली. समोरच्या स्टीलच्या डब्याला टेकवून ठेवलेला जुना फोन बोलत होता. घरात दुसरं कुणी नव्हतं.

"कोन हाय? दानी?"

"मी दानेश्वरीच्या शाळेतली बाई."

"अगं बया! खरी बाई?" म्हातारीनं हातानं चाचपून खाटेवर जागा केली. "बर्री, या! कुंद्री, बसा हितं! मी दानीची आज्जी, शांतम्मा."

बाई तिच्याशेजारी टेकल्या. "दानेश्वरी कुठं आहे?"

"आईसंगं गेलीया. सून कडक भाकरीच्या केंद्रात भाकऱ्या थापाया जाती की. पोरगी शाळा सुटली की तकडंच, आन् ऐतवारी सकाळधरनं. ल्योक टरकावर. कवा येतो, कवा जातो."

"मग दिवसभर तुम्ही एकट्याच?"

"एकटी कशानं? ही बाई असती की," शांतम्मांनी फोनकडे बोट केलं. "दानी शाळंला जाताना लावून जाती. एक झालं की दुसरं आपोआप लागतं. लई ग्वाड बोलती बघा. म्या इचारते तिला, बाई, जेवलीस का? घरी कोन कोन हाय? त्येला काय बोलत न्हाय, तिचं आपलं चालूच. पर ती इचारती की, समजलं ना? मग म्या म्हनते, समजलं. तेवडंच कुनीतरी इचारतंय मला."

प्रेमलाबाईंना आपलं घर आठवलं. रात्री जेवताना त्या बातम्या लावून बसायच्या. टीव्हीवरचा माणूस 'नमस्कार' म्हणाला की कधी कधी त्यांचीही मान हलायची. हे त्यांनी आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. घरात आवाज असला म्हणजे घरात माणूस असतं असं नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आणि तरीही शाळेतल्या साऱ्या मुलांना त्या असाच एक आवाज देऊन जायला निघाल्या होत्या!

दारात सावली पडली. दानेश्वरी आली होती. कोपरापर्यंत ज्वारीचं पीठ. बाईंना पाहून तिचा चेहरा पडला.

"बाई, मी मुद्दाम फसवलं नाही हो. आज्जी एकटी असते म्हणून..."

"इकडे ये आधी. रडू नकोस. मला फक्त सांग, तू स्वतः पाठ कधी पाहतेस?"

"पहिल्या दिवशी पाहिला की. भूमितीचा. त्यात सिद्धता म्हणजे काय तेच कळेना. त्या बाईंनी विचारलं, समजलं ना? मी म्हटलं, नाही समजलं. मोठ्यानं म्हटलं. तर त्या म्हणाल्या, शाब्बास! चला पुढे." दानेश्वरीनं बाहीनं नाक पुसलं. "मी बंद करायला गेले, तर आज्जी म्हणाली, राहू दे गं, बोलतीया तर बोलू दे."

"मग वर्गात का नाही विचारलंस?"

"विचारलं होतं. सर म्हणाले, घरी ॲपवर बघ. आणि शंका-तासाला मला थांबता येत नाही, भाकरीला जायचं असतं."

'घरी ॲपवर बघ, असं सांगत चला म्हणजे सवय लागेल,' हे शिक्षकांना सांगणाऱ्या प्रेमलाबाईच होत्या.

सोमवारी शिवानंद शाल आणि नारळ घेऊन हजर झाले. बाईंनी त्यांना आणि कुंडलिक सरांना खोलीत बोलावलं.

"नाव ठरलं आहे. आपण दुसरं ॲप घेतोय. आणि सत्कार होणार नाही. ती पोर आधीपासून नको म्हणत होती, तिची काही चूक नाही."

शिवानंदांनी विचारलं, "आणि ते आकडे? ते काय खोटे होते, बाई?"

"आकडे खरे आहेत, शिवानंद. ऐकणारं माणूसही खरंच होतं. फक्त ती आपली विद्यार्थिनी नव्हती."

बाईंनी शांतम्मांची हकिकत सांगितली आणि संगणक उघडून पाठांच्या वेळा दाखवल्या. मंगळवारी सकाळी पाठ चालू. बुधवारी सकाळी पाठ चालू. आणि त्या वेळी दानेश्वरी याच इमारतीत, शिक्षकांच्या डोळ्यांसमोर, बाकावर बसलेली होती!

"अरे देवा!" शिवानंद कपाळाला हात लावून म्हणाले. "आपण बेरीज पाहिली, वेळ पाहिलीच नाही."

"वेळ पाहायला फार हुशारी लागत नव्हती," बाई म्हणाल्या. "ते मूल आपल्या डोळ्यांपुढे यावं लागत होतं, एवढंच."

"पण बाई, दुसऱ्या ॲपनं शिक्षकांचं काम वाढणार. प्रत्येकाला उत्तर द्यायचं म्हणजे! आपल्याकडे माणसं कुठं आहेत?"

आता कुंडलिक सर बोलले. आज त्यांनी चेष्टा केली नाही. "माणसं कमी आहेत, हे खरंच. त्यासाठी आपण संस्थेशी भांडू, सरकारदरबारी भांडू, तुम्हीही आमच्याबरोबर या. पण मूल 'नाही समजलं' म्हणतं, तेव्हा त्याला उत्तर देणं हे वाढीव काम कसं? आपण नेमलेले आहोत ते त्यासाठीच. पाठ दाखवायला यंत्र घ्या, नकाशे दाखवायला घ्या, मी हौसेनं वापरीन. पण मुलाचं ऐकायचं काम यंत्रानं आपल्याकडून हिसकावलेलं नाही, साहेब. ते आपणच खांद्यावरून उतरवलं."

मग शिवानंदांनी शाल पुन्हा पिशवीत ठेवली.

"शंका-तास मधल्या सुट्टीनंतर घेऊ," बाई म्हणाल्या. "म्हणजे कामावर जाणाऱ्या मुलांनाही येता येईल. आणि शनिवारी पूर्वीसारखं घरोघरी जायचं. मी मेपर्यंत जाईन, पुढे तुम्ही सगळे."

"गाडीवरून मी सोडतो तुम्हाला," शिवानंद म्हणाले. "पण बाई, तुम्ही आमच्या घरी आला होता तेव्हा माझी तक्रारच केली होती. अण्णांनी बडवलं होतं मला!"

"तक्रार खरी होती की नाही?"

"होती की!" म्हणत ते हसले.

वाचकहो, नव्या साधनांना नावं ठेवून काही साधत नाही. ती आपल्या मुलांपर्यंत आलीच पाहिजेत. पण निवड करायला बसतो तेव्हा आपण चित्रं पाहतो, आकडे पाहतो, आणि ज्याच्यासाठी हे सारं चाललं आहे ते मूल तेवढं पाहायचं राहून जातं. म्हणून शाळेनं, संस्थेनं आणि आपण पालकांनीही सर्वांत आधी एकच प्रश्न विचारावा: माझं मूल 'नाही समजलं' म्हणेल, तेव्हा ते ऐकायला कोण असेल? आवाज विकत मिळतो. ऐकणारं माणूस आपल्यालाच व्हावं लागतं, मुलासाठीही आणि घरात एकट्या बसलेल्या म्हातारीसाठीही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर प्रेमलाबाई व्हरांड्यात जाऊन बसल्या. बराच वेळ कुणीच आलं नाही. मैदानावर धूळ उडत होती. आज बहुधा एकटंच बसायचं, असं म्हणून त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. तेवढ्यात भूमितीचं पुस्तक छातीशी धरून दानेश्वरी खांबाआड येऊन उभी राहिली.

"बाई, मला ना... पहिल्या पानापासूनच नाही समजलं."

बाईंनी चष्मा लावला आणि सतरंजीवर आपल्या शेजारी जागा केली.

"बैस. पहिल्या पानापासूनच सांगते. आणि हे बघ, मध्ये कुठंही कळलं नाही, तर मला तिथंच थांबव."