डाव्या गठ्ठ्यातला मासा

मी एक जुना डबा आहे, मित्रांनो. पुठ्ठ्याचा, कोपऱ्याला चिकटपट्टी लावलेला. माझ्या पोटात चित्रांची कार्डं आहेत. सफरचंद, छत्री, खेकडा, मासा आणि एक बर्फाचा माणूस. हा बर्फाचा माणूस पनवेलमधल्या एकाही मुलाच्या ओळखीचा नाही. छापणाऱ्याने कुठल्यातरी दूरदेशीची चित्रं जशीच्या तशी उचलली आणि माझ्या झाकणावर ठळक अक्षरांत लिहून टाकलं की हे मुलांची भाषा तपासण्याचं साधन आहे. साधन म्हटल्यावर अंगावर मूठभर मांस चढतं. माझ्याही चढलं.

खांदा कॉलनीतल्या एका बालवाडीने मला विकत घेतलं. माझं काम सोपं होतं. दिपिका मॅडम एकेक कार्ड मुलासमोर धरायच्या. मुलाने इंग्रजी नाव सांगितलं की कार्ड उजव्या गठ्ठ्यात जायचं. नाव आलं नाही, किंवा दुसऱ्या कुठल्या भाषेत आलं, तर डाव्या. नियमच तसा होता. मग डाव्या गठ्ठ्याची जाडी बघून मॅडम आईवडिलांना समोर बसवायच्या. तेव्हा माझा केवढा मान होता! पालक मला हात लावून बघायचे, असा डबा कुठे मिळतो म्हणून विचारायचे.

एके सकाळी करंजाड्याहून प्रांजल आली. चार वर्षांची, तोंडाची टकळी चालूच. तिच्या वडिलांचं, म्हणजे कुंदनचं, घराणं मासेमारीचं. खाडीवर भराव पडला तेव्हा होड्या गेल्या, कुंदन बंदरात कामाला लागला आणि सगळे फ्लॅटमध्ये राहायला आले. त्याची आई गुणाबाई मात्र अजून उलव्याच्या नाक्यावर पाटी घेऊन मासे विकायला बसत होती आणि नातीला शेजारी बसवत होती. गिऱ्हाईक नसलं की दोघींच्या गप्पा चालायच्या. पोरगी बोलायला शिकली ती तिथेच.

मॅडमनी खेकडा दाखवला. प्रांजल म्हणाली, चिंबोरी. कार्ड डावीकडे गेलं. मग मासा दाखवला. माझा मासा नारिंगी आहे आणि उगाचच हसतो. प्रांजलने तो हातात घेतला, त्याचं तोंड पाहिलं, शेपूट पाहिली आणि मॅडमनाच विचारलं,

"ह्यो कंचा? जिताडा हाय का बोय?"

इतकी मुलं माझ्यासमोर बसून गेली, पण माझ्या माशाची अशी चौकशी कुणी केली नव्हती. मला फार बरं वाटलं. मॅडम निदान हसतील असं वाटलं होतं. त्यांनी कार्ड तिच्या हातून काढून घेतलं आणि डावीकडे ठेवलं.

प्रांजलची आई विनिता आणि कुंदन बाहेर बसले होते. दोघांना आत बसवून सांगण्यात आलं की मुलगी भाषेत मागे आहे, दोन भाषांमुळे तिचा गोंधळ उडतो आहे, घरात आता फक्त इंग्रजी बोला. विनिताने लगेच मान डोलावली. कॉलेजात तिच्या बोलीतल्या हाय-नायला मुली हसल्या होत्या आणि ते तिच्या मनात अजून सलत होतं. कुंदनने विचारलं की आईचं काय करायचं, तिला कुठे इंग्रजी येतं. मॅडम म्हणाल्या, मग त्यांनी मुलीसमोर जरा कमी बोलावं.

जरा कमी! जिच्या हाकेवर अख्खा नाका गोळा व्हायचा, तिने जरा कमी बोलायचं. पुढे काय झालं ते विनितानेच येऊन मॅडमना कौतुकाने सांगितलं. प्रांजलला पाटीपाशी नेणं बंद केलं होतं. सासूबाईंना कम, सिट, ईट, नो असे चार शब्द शिकवले होते. नातीशी बोलायचं ते तेवढ्यात भागवायचं. मॅडमनी शाबासकी दिली. मी टेबलावर होतो, पण डब्याला कोण विचारतो?

मग बालवाडीत टॅब आला आणि माझी रवानगी कपाटावर झाली, गॅदरिंगच्या फाटक्या पताकांशेजारी. उंदराने माझा कोपरा खाल्ला. इतके दिवस नाचवलं त्यांनी, पण खाली काढून साधी धूळ कुणी झटकली नाही. मला राग आला होता आणि तो अजून गेलेला नाही.

मला खाली काढलं ते नव्या आलेल्या किशोरीताईंनी. मुलांच्या बोलण्याचं शास्त्र शिकून आलेल्या. त्यांच्यापुढे पहिलीच आली ती प्रांजल. आता दुसरीत होती. वर्गात तोंड उघडत नाही, विचारलं तर एका शब्दात उत्तर देते, अशी शाळेची तक्रार होती, म्हणून तिला इथे दाखवायला आणलं होतं. विनिताबरोबर गुणाबाईही आली होती आणि दाराशी उभी होती.

पुन्हा तीच कार्डं निघाली. सगळी उजवीकडे गेली. बर्फाचा माणूससुद्धा. मासा आला तेव्हा प्रांजल म्हणाली, "फिश." किशोरीताईंनी विचारलं, कुठला गं मासा? प्रांजलला प्रश्नच समजला नाही. तिने पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने, "फिश."

विनिताचा चेहरा खुलला. किशोरीताईंचा नाही. त्यांनी तिला समजावलं की दोन भाषांनी मूल मागे पडत नाही, आताचे अभ्यास हेच सांगतात. मुलाचे शब्द मोजायचे तर सगळ्या भाषांचे मिळून मोजायचे. आणि बोलणं वाढतं ते कुणीतरी समोर बसून बोलल्याने, ऐकल्याने. मग विनिताकडून त्या चार शब्दांची हकीकत कळल्यावर त्यांनी विचारलं की आजीला गप्प बसवायला सांगितलं कुणी?

"इथेच सांगितलं," विनिता म्हणाली. "ह्याच खुर्चीवर बसवून."

किशोरीताईंनी माशाचं कार्ड गुणाबाईच्या हातात दिलं आणि नातीशी बोला म्हणाल्या. गुणाबाईने कार्ड घेतलं, पण आधी सुनेकडे पाहिलं.

"बोलू मी?"

विनिताने मान खाली घालून होकार दिला. गुणाबाई लहान मुलांच्या खुर्चीवर टेकली आणि तिचा मोकळा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "बग बाय, ह्यो आपल्या खाडीतला नाय. जिताड्याचं त्वांड मोठं आसतं. आन बोय..." एकदा सुरुवात झाल्यावर ती थांबेना. खाडी आली, होडी आली, आजोबांनी भर पावसात धरलेला जिताडा आला. तिचे डोळे भरून आले होते.

प्रांजलने सगळं नीट ऐकून घेतलं. मग आईची ओढणी ओढली.

"मम्मा, व्हॉट इज शी सेइंग?"

गुणाबाईने कार्ड टेबलावर ठेवलं आणि तिला दिलेल्या शब्दांतला एक काढला.

"कम," ती म्हणाली आणि नातीचा हात धरून बाहेर गेली.

मित्रांनो, मला पुन्हा कपाटावर टाकलं तरी माझी तक्रार नाही. पण तुमच्या घरात कुणी बोलण्याआधी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत असेल, तर आजच त्याच्याजवळ जाऊन बसा. त्याच्या शब्दांत त्याला बोलू द्या. उद्या बसू म्हणालात तर ते माणूस तेव्हाही बोलेल. फक्त ते काय बोलतंय, हे तुम्हाला दुसऱ्या कुणालातरी विचारावं लागेल.